अव्वाच्या नावावरचा कारखाना

खंडेनवमीच्या दिवशी बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एकाही शेडमधून आवाज येत नाही. वर्षभर कान किटवणारी यंत्रं त्या दिवशी आंघोळ करून, झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखी गप्प बसतात, आणि वर्षभर त्यांच्यावर खेकसणारे मालक त्यांच्यासमोर हात जोडून उभे असतात. दानम्माला हा दिवस फार आवडायचा. कोळारच्या प्लॉटची कागदोपत्री मालकीण तीच होती. बाईच्या नावावर अर्ज केला तर प्लॉट लवकर मिळतो म्हणून धाकट्या मुलानं, गुरुबसवनं, सात वर्षांपूर्वी तिची ठसठशीत कन्नड सही घेतली होती, आणि प्लास्टिकचा कचरा धुऊन, दळून त्याचे दाणे करायचा कारखाना उभा केला होता. त्यानंतर तो जिथं बोट ठेवेल तिथं ती सही करत आली. कारभारात तिनं कधी नाक खुपसलं नाही. पण खंडेनवमीला यंत्राला विभूती लावायचा मान तिचाच. नवरा रेवणप्पा गेले तेव्हा भावकीतल्या एकीनं सुचवून पाहिलं, की हा मान आता थोरल्या सुनेला द्यावा. दानम्मानं तिला विचारलं, "कामून? माझ्या गळ्यातलं लिंग काय त्यांच्यासंगं गेलं व्हय?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

यंदा मोटारीतून उतरतानाच तिला खटकलं. दरवर्षी दारात पंधरा-वीस माणसं असायची, बायका रांगोळी काढत असायच्या, पोरं पेढ्यांवर डोळा ठेवून असायची. यंदा एकटा पिराजी उभा होता. ठाणाकुशनूरचा हा माणूस वीस वर्षं या घराचं काम करत होता. आधी निर्णा गावातल्या घरच्या डाळमिलमध्ये, मग इथं यंत्रावर. तोरण त्यानंच बांधलेलं दिसत होतं.

"बाकीचे कुठं गेले रे, पिराजी?"

"सुट्टी दिलीया त्यास्नी, अक्का."

"पूजेच्या आधी?"

पिराजीनं गुरूकडं बघितलं. गुरू घाईघाईनं म्हणाला, "अव्वा, ऊन व्हायलंय. चल, विभूती लाव अन् मोकळी हो. अण्णा-वैनी यायलेत मागून."

दानम्मानं तळहातावर विभूती घेतली, पाण्याचा थेंब टाकून भिजवली आणि ती दळणयंत्रापाशी गेली. यंत्राच्या तोंडावर पत्र्याचं जाड झाकण होतं. झेंडूची माळ जरा बाजूला सारून तिनं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

झाकणावर विभूतीच्या तीन रेघा आधीच होत्या.

त्यांच्यावर धूळ बसली होती, पण रेघा शाबूत होत्या. आणि मधली रेघ अर्ध्यावर तुटलेली होती. लहानपणी उखळात सापडून दानम्माचं मधलं बोट वाकडं झालं होतं. तिनं ओढलेली मधली रेघ जन्मभर अशीच तुटत आली. ही तिचीच विभूती होती, मागच्या खंडेनवमीची. जे झाकण दिवसातून शंभरदा उघडायचं, ज्याच्यावर सारखं पाणी उडायचं, त्याच्यावर ती वर्षभर टिकली होती.

"गुरू, हे यंत्र कवापासून बंद हाय?"

"बंद कुठं, अव्वा? दोन पाळ्या चालायलंय की."

"ही माझी रेघ हाय."

गुरूनं झाकणाकडं बघितलं. एकोणचाळीस वर्षांचा बाप्या, पण कान लाल व्हायची सवय अजून गेली नव्हती. त्यानं पिराजीवर डोळे वटारले. "पुसून घ्यायला काय झालं हुतं तुला?"

पिराजी हळू आवाजात म्हणाला, "यंत्र चाललं की आपुआप पुसती, अण्णा. चाललंच न्हाई तर अक्काच्या हातची विभूती म्या कशाला पुसू?"

तेवढ्यात थोरला अनिलकुमार आणि त्याची बायको शैलश्री कोहळा घेऊन आत आले. अनिलला काय झालं ते एका नजरेत कळलं, आणि थोरल्या भावाला शोभेल असा तो लगेच सुरू झाला. "मी याला कितींदा सांगितलो, अव्वा. बोअर आटला तर टँकर आण, मोटार जळाली तर नवी बसव. ऐकंल तर शपथ. आता घर बसंल सगळं याच्यापायी."

"घर कामून बसंल?" दानम्मानं विचारलं. "यंत्र बंद पडलं तर पडलं."

शैलश्रीनं कोहळा जमिनीवर ठेवला. "अव्वांस्नी नोटीस दाखवा. अकरा दिवस झाले येऊन. त्यांच्याच नावानं आलीया."

"शैला!" अनिल ओरडला.

"वाचून दाखवते मी. अव्वा, बसा तुम्ही."

दानम्मा पूजेच्या चटईवर बसली. शैलश्री बी. कॉम. होती, आणि तिला अवघड गोष्ट सोपी करून सांगता यायची. सरकारचा नियम असा होता: डाळ पिशवीत भरून विकणाऱ्यानं जेवढं प्लास्टिक बाजारात सोडलं, तेवढ्याची पुढची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे डाळमिल चालवणाऱ्या अनिलची. त्यानं तेवढा कचरा गुरूसारख्या कारखान्यातून दळून घ्यायचा, कारखान्यानं सरकारी पोर्टलवर तसं प्रमाणपत्र द्यायचं. गुरूच्या कारखान्यानं वर्षात चारशे टनांची प्रमाणपत्रं दिली होती. प्रदूषण मंडळानं विजेचं बिल मागवून बघितलं, तर वीज एका बल्बापुरती जळालेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अधिकारी तपासणीला येणार होता, आणि त्याच्या हातात मालकिणीनं लेखी खुलासा द्यायचा होता.

"खुलासा तयार हाय," अनिलनं बॅगेतून कागद काढला. "वकिलाकडून लिहून आणलोय. तू फक्त सही कर, अव्वा."

"वाच."

"त्यात काय वाचायचं? वकिली भाषा हाय नुसती."

"सात वर्षं न वाचता केले. आज वाच."

अनिल वाचेना, तेव्हा शैलश्रीनं कागद घेतला. चार ओळी तिनं भरभर वाचल्या, पाचवीला तिचा आवाज मंदावला. "सदर नोंदी आमचा यंत्रचालक पिराजी याने मालकिणीच्या परस्पर, स्वतःच्या फायद्यासाठी केल्या असून..." ती थांबली. हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

दानम्मानं पिराजीकडं बघितलं. ज्या माणसाला लेकीचा फोनसुद्धा दुसऱ्याकडून लावून घ्यावा लागतो, त्यानं म्हणे संगणकावर चारशे टन दळले.

"पिराजी, तुला ठावं हुतं हे?"

"व्हय, अक्का. म्या बी कबुलीच्या कागदावर सही केलोय कालच. गुरुअण्णा हात जोडले. इतकी वर्षं मीठ खाल्लोय तुमचं."

मुलं खोटं बोलली याचं तिला वाईट वाटत होतंच, पण या माणसाच्या समजूतदार आवाजाची तिला जास्त लाज वाटली.

"काय हुतंय त्याला?" अनिल समजावणीच्या सुरात म्हणाला. "जप्त करायला त्याच्या नावावर हाय काय? चार तारखा पडतील, वकील आपण देऊ. पण माझी मिल बंद झाली तर साठ माणसं घरी बसतील, अव्वा. अन् गुरूवर केस झाली तर?"

"त्याच्याजवळ काही न्हाई म्हणून त्याच्यावर ढकलायलाव व्हय रं?" दानम्मानं विचारलं. मग तिला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. "कचरा तर यायचा की. ट्रक यायलेले मी सोता बघितले. दळला न्हाई, तर गेला कुठं?"

दोघं भाऊ सारख्याच नजरेनं दाराबाहेर बघत होते.

"पिराजी, तू सांग."

"निर्ण्याला, अक्का."

"निर्ण्याला कुठं?"

"लाल दगडाच्या खाणीत."

त्यांच्या निर्ण्याच्या शेताच्या कडेला ती खाण होती. त्यातल्याच दगडानं त्यांचं घर बांधलं होतं. खाणीच्या काठावर, कडुनिंबाखाली रेवणप्पांची समाधी होती. त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस जाळत नाहीत. आपल्याच मातीत, विभूती आणि बेलाची पानं घालून, बसलेला ठेवतात. रेवणप्पांनी जिवंतपणी स्वतः पावलं टाकून ती जागा आखली होती, आणि उजवीकडची जागा दाखवून म्हणाले होते, ही तुझी. दानम्माला त्या वेळी हसू आलं होतं. माणसं बायकोला दागिना दाखवतात, हा मातीचा तुकडा दाखवतोय. पण नवरा गेल्यावर त्या तुकड्याचा तिला मोठा आधार वाटायचा. दोन वर्षांपूर्वी मुलांनी सांगितलं, की गुरं पडतात म्हणून खाण बुजवायला काढली. गुडघ्यांमुळं तिचं शेतात जाणं सुटलं होतं. पोरांना अप्पांची किती काळजी, असं म्हणून तिनं तेव्हा दोघांची दृष्ट काढली होती.

"माझी जागा?" तिनं विचारलं.

"काठापर्यंत भरलंया, अक्का," पिराजी म्हणाला. "तुमच्या बाजूला थोडं आत बी आलंया."

"ते शेत अण्णाचं हाय," गुरू एकदम उसळला. "माझ्या एकट्याच्या डोक्यावर घालू नका! पहिला कागद कुणी मागितला, सांग की अण्णा! मी दळत हुतो, अव्वा. चार वर्षं इमानानं दळलो. याच्या डाळीच्या चकचकीत पिशव्या या यंत्रात वितळत न्हाईत, गोळा हुतोय त्यांचा. मी म्हणलो, दुसरीकडं पाठव. हा म्हणला, आता नुसता कागद दे, माल मागून दळ. मग तसंच चालू झालं."

"तू न्हाई म्हणायचं हुतास!"

"तुला कवा कुणी न्हाई म्हणलंय या घरात?"

दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. शैलश्री मध्ये पडली नाही. दानम्माही पडली नाही. तिला मनातून ठाऊक होतं, की पाच मिनिटांत ही दोघं पुन्हा एक होतील, आणि तसंच झालं. अनिलनं खिशातून पेन काढलं, गुरू आईच्या पायाशी बसला.

"अव्वा, सही कर. मला आत घालतील ते."

दानम्मानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला भीती वाटत होती. हे शेंडेफळ तिला थोरल्यानंतर सात वर्षांनी, दोन पोरं गेल्यावर झालेलं. याच्यासाठी ती काहीही करेल असं सगळ्या भावकीला वाटायचं. तिलाही आजपर्यंत तसंच वाटत होतं.

"उठ," ती म्हणाली. "शैला, मला घरला ने."

"पूजा?" अनिलनं विचारलं.

तिनं भिजवलेली विभूती स्वतःच्या कपाळाला लावली. "जे चाललंच न्हाई त्याची कसली पूजा?"

गाडी शैलश्री चालवत होती. बीदरच्या नाक्यावर तिनं गाडी कडेला घेतली. "अव्वा, पोर्टलवर मीच भरत गेले. हे आकडे सांगायचे, मी टाकायची. मला कळत हुतं. घरातलंच काम म्हणून गप बसले. पण पिराजीचं त्यांनी मला सांगितलं न्हवतं, खरंच न्हवतं. साहेबाला माझं नाव सांगा. त्याचं नको."

दानम्मानं तिच्या मांडीवर हात ठेवला. या सुनेशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. "चल," ती म्हणाली. "बघू."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविकुमार नावाचा तो अधिकारी कलबुर्गीहून सकाळी दहालाच आला. चाळिशीचा, शांत, फायली छातीशी धरून चालणारा माणूस. शेडमध्ये टेबल मांडलं होतं, नारळपाणी ठेवलं होतं. त्यानं नारळपाण्याला हात लावला नाही. अनिल आणि गुरू इस्त्रीच्या कपड्यांत दोन बाजूंना उभे होते. सही नसलेला खुलासा अनिलच्या बॅगेत होता. आई ऐन वेळी मऊ पडेल अशी त्याला अजून आशा होती. पिराजी दाराजवळ होता.

"मालक कोण?" अधिकाऱ्यानं कन्नडमध्ये विचारलं.

गुरू पुढं सरकला. दानम्मा खुर्चीतून म्हणाली, "मी." मग तिनं कन्नडमध्येच त्याला घर कुठलं, आई-वडील हयात आहेत का, हे विचारून घेतलं, कारण परक्या माणसाशी एकदम कामाचं बोलणं तिला जमायचं नाही. त्यानं नीट उत्तरं दिली.

"आजी, इथं वर्षभरात किती प्लास्टिक दळलं?"

"काही न्हाई."

त्याचं पेन थांबलं. त्याला बहुधा अशा उत्तराची सवय नव्हती. "मग या नोंदी कुणी केल्या?"

अनिलनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला होता.

"माझ्या घरानं केल्या."

"घरावर केस होत नाही, आजी. माणसाचं नाव लागतं."

"मग माझं लिहा. सह्या माझ्या हायत. न वाचता केले, तो माझाच गुन्हा. बाकीचं हे दोघं आपल्या तोंडानं सांगतील." ती थांबली. "न्हाई सांगितले तर मी सांगेन. पण दारात उभा हाय, त्या माणसानं काही केलं न्हाई. त्याची सही घेतलेला एक कागद यांच्या बॅगेत हाय. तो खोटा हाय. तो मला द्या."

"अव्वा..." अनिल म्हणाला.

"दे, अनिल."

आधी शैलश्री पुढं आली. "नोंदी माझ्या लॉगिननं झाल्यात, सर," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं न बघता उभी राहिली. मग गुरू. तो रडत होता, पण बोलायचं थांबला नाही. बोअर आटल्यापासून शेवटच्या ट्रकपर्यंत सगळं त्यानं सांगितलं. अनिलला आणखी वेळ लागला. त्यानं बॅग उघडली, पिराजीच्या सहीचा कागद आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "पहिल्यांदा मी सांगितलो, सर. कचरा माझ्या शेतात हाय."

दानम्मानं तो कागद पिराजीच्या हातात दिला. त्यानं तो वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी बघितला, घडी केली आणि खिशात घातला.

दुपारी सगळे निर्ण्याला पोचले. खाणीच्या जागी आता सपाट लाल माती होती, तिच्यावर तरवड उगवला होता. शेजारच्या शेतातला जेसीबी बोलवायला अनिलनं फोन काढला. "यंत्र नको," दानम्मा म्हणाली. "अप्पा इतं बसलेत. हातानं काढा." अधिकाऱ्याला नमुना तेवढाच हवा होता. पिराजीनं टिकाव उचलला. गुरूनं तो त्याच्या हातातून घेतला.

हातभर खोदल्यावर लाल माती संपली. खाली दोरीनं बांधलेले गठ्ठे होते. गुरूनं वरचा गठ्ठा ओढला, दोरी तुटली आणि डाळीच्या रिकाम्या पिशव्या भसकन बाहेर पडल्या. रंग बिघडला म्हणून अनिलच्या मिलनं टाकून दिलेल्या. वडील गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, मोठ्या अभिमानानं, अनिलनं पिशवीवर त्यांचा फोटो छापायला सुरुवात केली होती: डोक्याला पटका, कपाळावर विभूती, ओठांवर जरासं हसू. शेकडो रेवणप्पा खाणीच्या काठावर पसरले.

गुरूनं एक पिशवी उचलून सदऱ्यानं पुसली. चेहऱ्याचा एक केसही पुसट झाला नव्हता. तिथून चार पावलांवर रेवणप्पा स्वतः सहा वर्षं मातीत बसलेले होते. दानम्मानं समाधीकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं.

"त्यांस्नी मातीनं घेतलं," ती म्हणाली. "हे न्हाई घेतलं."

गुरू पिशवी हातात धरून तसाच उभा होता. ती खाली टाकवेना, खिशात घालवेना. "अव्वा, हे आता कुठं ठेवू?"

"ते साहेबांस्नी विचार. जितं खरंच दळत्यात तितं ने. एकूणएक. तुझ्या अण्णाची, तुझी, गावाची, सगळी." तिचा आवाज चढला नाही. "अन् दोघं बी ऐका. हे निघाल्याबिगर मला इतं आणायचं न्हाई. आधी गेले तर दुसऱ्या कुणाच्या शेतात ठेवा. ह्याच्यात मला बसवू नका."

अधिकारी वहीत लिहायचा थांबला होता. शैलश्रीनं पदर तोंडाला लावला. अनिल काही वेळ आईकडं बघत राहिला, जणू तिनं हे मागं घ्यावं म्हणून. तिनं ते मागं घेतलं नाही. मग त्यानं चप्पल काढून समाधीपासून लांब ठेवली, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि तो खाणीत उतरला.